वसंत सहल : केव्हा आणि कोठे?

जानेवारी संपत आला की आमच्या पालघर-बोईसर भागातल्या शाळांच्या सूचनाफलकावर एक कागद लागतो. वर ‘वसंत सहल’ असे शीर्षक, त्याखाली ठिकाण, वर्गणीची रक्कम, डबा व पाण्याची बाटली आणण्याविषयी सूचना आणि सर्वांत शेवटी उद्देश. ही उद्देशाची ओळ वर्षानुवर्षे बदललेली नाही : ‘वसंत ऋतूत बहरलेल्या फुलांचे व उद्यानांचे विद्यार्थ्यांना दर्शन घडविणे.’ असे कागद मी स्वतः कितीतरी वर्षे लिहिले आहेत. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे तिचा पहिला धनी मीच. आपण पाठ्यपुस्तकांचे परीक्षण करतो, प्रश्नपत्रिकांचे करतो, विज्ञान प्रदर्शनातल्या प्रतिकृतींवरही चार शब्द बोलतो. सहलीच्या आखणीकडे मात्र कोणी चिकित्सक नजरेने पाहत नाही. वास्तविक शाळेच्या वर्षातला सर्वांत लांब, पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणारा विज्ञानाचा तास तोच असतो.

एका वर्षी फेब्रुवारीत आम्ही मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात गेलो. पुष्पप्रदर्शनाचे दिवस होते. पहाटे पाचला बोईसरहून निघालेली बस साडेनऊला पोचली आणि मुलांनी रांगेने कुंड्या पाहिल्या. पिटुनिया, डेलिया, साल्व्हिया, झेंडू. रंग डोळ्यांत मावत नव्हते हे खरे. सातवीतली एक मुलगी एका कुंडीशी वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “सर, यांच्यावर माशी कशी नाही बसत?” मी म्हटले, “गर्दी आहे ना, चला पुढे.” उत्तर येत नसले की शिक्षक असेच बोलतात. संध्याकाळी परतताना, महामार्गावर मनोरच्या अलीकडे, उतारावरचे एक निष्पर्ण झाड केशरी रंगाने भरलेले दिसले. तीच मुलगी खिडकीतून म्हणाली, “पळस! आमच्या पाड्यावरचा पण फुललाय. लय पाखरं येतात त्याच्यावर.” बसमधली निम्मी मुले झोपली होती, उरलेली भेंड्या खेळत होती. गाडी थांबवावी असे माझ्याही मनात आले नाही.

राणीच्या बागेला दोष देण्याचा हेतू नाही. १८६२ मध्ये खुली झालेली ती जुनी वनस्पतिबाग आहे. तेथला उर्वशीचा वृक्ष आणि गोरखचिंच पाहायला वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने मुद्दाम जावे. पण आमच्या कागदावर त्या झाडांचा उल्लेख नव्हता, कुंड्यांचा होता. कुंड्यांतली फुले म्हणजे थंडीची हंगामी फुले. पावसाळा सरताना बी पेरायचे, रोपे वाढवायची आणि प्रदर्शनाच्या बेताने फुलवायची. पिटुनिया दक्षिण अमेरिकेतला, साल्व्हिया ब्राझीलचा, डेलिया आणि झेंडू मेक्सिकोचे. माळ्याचे कसब दाखवायचे असेल तर यापेक्षा चांगले साहित्य नाही. पण त्याला आम्ही ‘वसंत ऋतूतला निसर्ग’ म्हणत होतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर नंतर मला सापडले ते असे : साल्व्हियाच्या फुलाची लांब लाल नळी त्याच्या मायदेशातल्या हमिंगबर्ड पक्ष्यांच्या चोचीसाठी आहे आणि तो पक्षी आपल्याकडे नाही. डेलियाच्या भरगच्च जातींत मधली पराग देणारी बारीक पुष्पके बाहेरच्या पाकळ्यांसारखी होऊन गेलेली असतात, त्यामुळे कीटकाला तेथे फारसे काही मिळत नाही. मुलीने नेमके बोट ठेवले होते, आणि मी तिला पुढे ढकलले.

आता तारखेकडे वळू. आखणीतली मोठी चूक तेथेच आहे, आणि ती आमच्या एका शाळेची नाही.

ऋतूंचे कोष्टक आपण सर्वांनी पाठ केले आहे : चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, असे करीत माघ-फाल्गुन शिशिर. शिशिरात पाने गळतात, वसंतात पालवी फुटते आणि फुले येतात, असे त्याच्याबरोबरचे वाक्य. हे वाक्य घेऊन पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याने वाघोबा खिंडीत जाऊन उभे राहावे. काटेसावर जानेवारीच्या अखेरीपासूनच फुलू लागते. पळस आणि पांगारा फेब्रुवारीत सुरू होतात आणि मार्चमध्ये भरात असतात. पंचांगाने हे दिवस माघ-फाल्गुनाचे, म्हणजे शिशिराचे. चैत्र निम्मा सरेपर्यंत पळसाच्या फांद्यांवर चपट्या हिरव्या शेंगा लटकू लागलेल्या असतात. कोष्टक खरे मानले तर आमच्या जिल्ह्यात वसंताची सगळी नामांकित फुले शिशिरातच फुलून जातात! शिवाय वसंत पंचमी येते माघात. २०२३ मध्ये ती २६ जानेवारीला होती, २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीला. वसंताच्या नावाचा सण शिशिरात कसा, असे एखाद्या मुलाने विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

उत्तर खगोलशास्त्रात आहे, आणि ते सातवी-आठवीच्या मुलांना समजण्यासारखे आहे. आपली पारंपरिक पंचांगे सूर्याची जागा ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. ऋतू मात्र ताऱ्यांवर अवलंबून नसतात. पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे सूर्य उत्तरेकडे-दक्षिणेकडे सरकतो, त्यावर ते ठरतात. हा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथपणे डुलतो. त्यामुळे ताऱ्यांनी मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे पडते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटेल, पण साधारण ७० वर्षांत त्याचा एक दिवस होतो, आणि गेल्या सतरा-अठरा शतकांत हा फरक सुमारे २४ दिवसांवर गेला आहे. कोष्टकातली नावे जागेवर राहिली आणि ऋतू त्यांच्या खालून पुढे सरकून गेले.

हा घोळ सोडविण्यासाठी भारत सरकारने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. समितीचा अहवाल १९५५ चा. त्यानुसार २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या तारखेने, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. आकाशवाणीवर ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख सांगतात ती हीच. या दिनदर्शिकेत ऋतू एक महिना मागे घेतलेले आहेत : वसंत म्हणजे फाल्गुन आणि चैत्र, इंग्रजी तारखांनी २० फेब्रुवारी ते २० एप्रिल. वाघोबा खिंडीतल्या पळसाला विचारले तर तो साहा समितीच्या बाजूने साक्ष देईल. राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारून इतकी वर्षे झाली तरी आपण वर्गात जुने कोष्टक घोकवतो आणि खिडकीबाहेरचा पळस त्याला खोटे ठरवीत असतो. कोष्टक पाठ असलेले मूल खिडकीबाहेर पाहत नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

चांद्र महिन्यांची आणखी एक अडचण. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला आला आणि २०२४ मध्ये ९ एप्रिलला, कारण मध्ये अधिक महिना पडला. झाडाला अधिक महिना कळत नाही. ‘होळीला पळस फुलतो’ हे म्हणणे ढोबळ मानाने बरोबर आहे, पण त्यावरून सहलीची तारीख धरली तर दोन-अडीच आठवड्यांची चूक सहज होते.

येथे एका पुस्तकाविषयी बोलले पाहिजे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले आणि तेव्हापासून मराठी शिक्षकाने निसर्गाविषयी बोलताना त्याचा आधार घेतला नाही असे क्वचितच घडले असेल. सहलीच्या कागदावरही त्यातले शब्द उतरलेले मी पाहिले आहेत. पुस्तकाची रचना चैत्रापासून महिन्यावार आहे, म्हणून आपण त्याच्याकडे वेळापत्रक म्हणून पाहू लागलो. हा अन्याय आहे, पुस्तकावर आणि मुलांवरही. ते एका व्यक्तीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचे पुस्तक आहे. त्यातून घ्यायची ती पाहण्याची सवय. महिना तेथून उचलून सूचनाफलकावर चिकटवू नये. श्री. द. महाजन यांची ‘आपले वृक्ष’, ‘देशी वृक्ष’ ही पुस्तके किंवा डॉ. शरदिनी डहाणूकरांचे ‘वृक्षगान’ शाळेच्या ग्रंथालयात असतील तर फारच चांगले. पण तीही सहलीहून परत आल्यावर उघडावीत, पाहिलेले ताडून पाहण्यासाठी.

मग पळस-सावरीसारखी झाडे ऐन कोरड्या दिवसांत, अंगावर एक पान नसताना का फुलतात? सहलीच्या वाटेवर हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरात संपतो आणि थेट जूनमध्ये येतो. मधल्या काळात पाने ठेवणे झाडाला परवडत नाही, कारण पानांतून बाष्पोत्सर्जनाने पाणी उडत राहते. पाने गळाली की ही गळती थांबते, खोल मुळे पाणी ओढतच राहतात, खोड-फांद्या पुन्हा पाण्याने भरतात आणि आधीपासून तयार असलेल्या कळ्या फुगतात. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशाच्या पर्णझडी जंगलांत वनस्पतिशास्त्रज्ञांनी खोडातले पाणी मोजून हे दाखविले आहे. म्हणजे पानगळ हे मरणाचे लक्षण नाही, ती फुलण्याची पूर्वतयारी आहे. पाने नसल्याचा आणखी एक फायदा : फूल लांबून दिसते. पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाही, रंग भडक, आणि काळसर मखमली पेल्यात मकरंद. हे सगळे पक्ष्यांसाठी आहे. मैना, बुलबुल, शिंजीर, पोपट. अर्ध्या तासात सात-आठ प्रकारचे पाहुणे सहज मोजता येतात. पिटुनियाच्या कुंडीवर जे नव्हते ते येथे आहे.

फुलण्याची वेळही बियांच्या हिशेबाने बसलेली दिसते. सावरीची बोंडे एप्रिल-मेमध्ये फुटतात आणि कापूस बी घेऊन उडतो. पळसाची एकबीजी चपटी शेंग मे-जूनच्या वाऱ्यावर भिरभिरत जाते. दोन्ही बिया जमिनीवर टेकतात तेव्हा पाऊस दाराशी आलेला असतो. मात्र सगळ्या झाडांना एकच नियम लावू नये. आमच्या डोंगरांवर सागाला तोटा नाही, आणि साग फुलतो भर पावसाळ्यात. मुलांना नियम सांगताना त्याच्याबरोबर साग सांगावा, म्हणजे नियमाची मर्यादा कळते.

झाडांचे झाले. रानफुले म्हणून आपण ज्या लहान वनस्पतींना ओळखतो त्यांचा वसंत वेगळाच आहे. तेरडा, सोनकी, कवला, कुर्डू, कळलावी यांची मुळे उथळ, साठवण थोडी किंवा जमिनीखालच्या कंदात. पाणी आहे तोवरच त्यांचा संसार. जूनमध्ये उगवायचे, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचे आणि दिवाळीनंतर बी टाकून वाळून जायचे. आपल्या सणांना हे कोष्टकापेक्षा चांगले ठाऊक आहे. गौरीला तेरडा लागतो, कोकणात गणपतीवर माटवी बांधतात ती रानातल्या फुलाफळांची. दोन्ही भाद्रपदात. चैत्रगौरीपुढे मात्र कैरी, हरभरे आणि मोगरा येतो. म्हणजे शेत आणि बाग. कोकणातल्या घराने रानाचा बहर आणि बागेचा बहर वेगळे ठेवले आहेत, आणि आम्ही शिक्षकांनी ते एकाच कागदावर एकत्र केले.

याचे टोकाचे उदाहरण कासचे पठार. पश्चिम घाटातली जी ठिकाणे २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली त्यांत साताऱ्याजवळचे कास आहे, तेव्हापासून ते शाळांच्या सहलींच्या यादीतही गेले. ‘फुलांचे पठार’ आणि ‘वसंत सहल’ हे शब्द जोडून फेब्रुवारीत कासला जाण्याचा प्रस्ताव मी शिक्षकांच्या बैठकीत ऐकला आहे. फेब्रुवारीत कासला जांभ्या खडकावर वाळलेले गवत पाहायला मिळते. फुले ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. खडकावर जेमतेम बोटभर माती, तिच्यात पावसाचे पाणी थांबलेले, त्यात ही इवली फुले. अशा जागी बसभर मुले पायदळी काय तुडवतील, हा प्रश्न वेगळाच. आणि एवढे लांब जायचे कशासाठी? भाद्रपदात आपल्या शाळेमागचा माळ, भातखाचरांचे बांध, तांदुळवाडीच्या किंवा काळदुर्गाच्या पायथ्याची वाट, येथेही हेच घडत असते, फक्त त्याला तिकीट नाही. कारवी मात्र अपवाद. ती सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ मध्ये ती फुलली होती. एका मुलाच्या शालेय आयुष्यात असा योग एखादाच. त्या वर्षी लांब जावे.

उद्देशातल्या ‘उद्यानां’चेही असेच. पालघर जिल्ह्याची किनारपट्टी, केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूर, डहाणू, घोलवडपर्यंत, म्हणजे एक लांबलचक बाग आहे. आपण तिला वाडी म्हणतो, म्हणून ती उद्यान वाटत नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वाडीत वसंत शोधायला गेलात तर फजिती होईल. माडाला जवळजवळ दर महिन्याला नवी पोय येते. चिकूला फुले आणि फळे एकाच वेळी दिसतात. पाणी बाराही महिने मिळाले की ऋतूची धार बोथट होते, हे समजण्यासाठी वाडीइतकी चांगली जागा नाही. सकाळी डोंगरावरचा निष्पर्ण पळस आणि दुपारी दहा-पंधरा किलोमीटरवरची हिरवी वाडी. एकच पाऊस, एकच ऊन, फरक विहिरीचा.

विक्रमगड-जव्हारकडे आदिवासी शेतकरी मोगरा लावतात. तेथे तर पळसाचाच प्रयोग माणूस हाताने करतो. थंडीत पाणी तोडायचे, छाटणी करायची, आणि मग खत-पाणी द्यायचे; उन्हाळ्यात मोगरा कळ्यांनी भरतो. डाळिंब-संत्र्याचे बागायतदार याला ‘ताण देणे’ आणि ‘बहार धरणे’ म्हणतात. पाणी कधी तोडायचे आणि कधी सोडायचे यावर आंबे बहार, मृग बहार की हस्त बहार हे ठरते. एखाद्या शेतकऱ्याला वीस मिनिटे मुलांसमोर उभे केले तर बाष्पोत्सर्जनाचा धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही. येथेच मुलांना मोगऱ्याचे भरगच्च फूल उकलायला द्यावे. जास्तीच्या पाकळ्या आल्या आहेत त्या पुंकेसरांच्या जागी. म्हणून या मोगऱ्याला बी धरत नाही, त्याची रोपे फांदीपासूनच करावी लागतात.

आता सहलीसोबत वाटल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या कागदाविषयी. ‘तुम्ही पाहिलेल्या पाच फुलांची नावे व रंग लिहा.’ हा प्रश्न सहलीला न जाताही सुटतो, आणि बहुतेक मुले बसमध्ये बसून तो सोडवतात. त्याऐवजी एका झाडाखाली अर्धा तास बसवून विचारावे : झाडावर पाने आहेत का, असली तर कोवळी की जून? कळ्या जास्त की उमललेली फुले जास्त? फुलावर कोण आले, किती वेळ थांबले, चोच कोठे घातली? खाली पडलेल्या फुलांत अखंड किती आणि कुरतडलेली किती? पळसाचे पडलेले फूल उचलून ध्वज, पंख आणि नौका या पाकळ्या वेगळ्या करता येतात. वाकलेली नौका पाहिली की ‘हा पोपट तर नव्हे?’ अशा अर्थाचे ‘किंशुक’ हे नाव कोठून आले तेही कळते. पडलेलीच फुले शाळेत आणून पाण्यात उकळावीत. पिवळसर रंग उतरतो. त्यात थोडी चुन्याची निवळी टाकली की तो गडद नारिंगी होतो. होळीचा रंग आणि आम्ल-आम्लारी दर्शक, दोन्ही कामे झाली.

माझ्या मते आमच्या भागासाठी एक लांबची सहल रद्द करून अर्ध्या अर्ध्या दिवसाच्या तीन आखाव्यात. पहिली फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सातला, मनोर रस्त्याला. दुसरी एप्रिलच्या मध्यावर त्याच जागी : तोवर बहावा पिवळ्या झुंबरांनी भरू लागलेला असतो, मोह आणि कुडा फुललेला असतो, कोशिंबाची पालवी इतकी लाल असते की मुले हमखास तिला फुले समजतात, आणि पळसाच्या शेंगा मोजता येतात. तिसरी भाद्रपदात, शाळेपासून चालत. तीच जागा पुन्हा पाहण्यात जे कळते ते नव्या जागेत कळत नाही. सावधगिरी दोन-तीन गोष्टींची. खिंडीतला रस्ता वाहता आहे, मुलांना रस्त्याच्या कडेला उभे करू नये, आतल्या पायवाटेवर न्यावे. सावरीच्या उंच फांद्यांना आग्यामोहोळ आहे का ते आदल्या दिवशी पाहून यावे. आणि फेब्रुवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. एकदा आमचा अर्धा वर्ग खाजवत परतला होता.

मुख्याध्यापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे. पालक वर्गणी देतात ती लांब जाण्यासाठी. वाघोबा खिंड पाहायला कोण पैसे देईल? मुलांचेही म्हणणे खोटे नाही. पूर्वेकडच्या पाड्यांवरच्या कित्येक मुलांनी सहलीतच पहिल्यांदा मुंबई पाहिली, आणि तो आनंद हिरावून घ्यावा असे मी म्हणणार नाही. मुंबईला जरूर जावे. कागदावर ‘मुंबई सहल’ लिहावे. दुसरे असे की पाड्यावरचे मूल या विषयात शिक्षकाच्या पुढे असते. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला घरातली सगळी माणसे जातात. पूर्व भागातल्या शाळेत असताना मार्चमध्ये सकाळच्या हजेरीत रिकाम्या जागा दिसल्या की मी मुलांना रागावत असे. आज तो हजेरीपट माझ्याकडे असता तर मोहाचा बहर कोणत्या वर्षी कोणत्या आठवड्यात सुरू झाला हे त्यावरून वाचता आले असते.

अशा नोंदींचे मोल वर्षे उलटल्यावर कळते. जपानमध्ये क्योटो शहरातल्या चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून रोजनिश्यांत आणि दरबारी नोंदींत सापडतात. चेरी पाहण्याचे समारंभ होत, म्हणून तारीख लिहिली जाई. म्हणजे फुले पाहण्याच्या सहलींचीच ती नोंद. २०२१ मध्ये तेथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला, आणि बाराशे वर्षांत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता असे सांगता आले ते त्या रोजनिश्यांमुळे. आपल्याकडे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा ‘सीझनवॉच’ हा उपक्रम आहे. एक झाड निवडायचे आणि आठवड्यातून एकदा त्याची पाने, कळ्या, फुले, फळे ‘नाहीत, थोडी, पुष्कळ’ एवढ्याच शब्दांत नोंदवायची. केरळातल्या शाळा यात मोठ्या संख्येने आहेत. तेथे विशूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, बहावा लागतो. तो आता सणाच्या कितीतरी आधी फुलून जातो हे मुलांच्या नोंदींतून दिसले. पालघरचा पळस लवकर येऊ लागला आहे की नाही हे सांगण्यासाठी अशा वह्या आपल्या शाळांतून भराव्या लागतील.

आमच्या भागात घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा मार्ग या जिल्ह्यातून जातो. त्या प्रकल्पासाठी मुंबई, ठाणे आणि पालघर मिळून सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. रस्ते रुंद होत आहेत. हे व्हावे की न होवो हा या लेखाचा विषय नाही. पण ज्या झाडाखाली आज वर्ग बसवता येतो ते दहा वर्षांनी तेथे असेल असे धरून चालता येणार नाही.

राणीच्या बागेच्या सहलीनंतर दुसऱ्या वर्षी आम्ही शाळेत एक वही घातली. झाड क्रमांक १ म्हणून त्या मुलीच्या पाड्यावरचा पळस घेतला. पहिले फूल, शेवटचे फूल, पहिली शेंग, एवढेच रकाने. चार वर्षांच्या तारखा आहेत. पहिले फूल चारही वेळा फेब्रुवारीतच, पण तारखांत अठरा दिवसांचे अंतर. पाचव्या वर्षाच्या रकान्यात मुलांच्या अक्षरात ‘तोडला, रस्त्यासाठी’ असे लिहिलेले आहे. पुढच्या पानावर त्याच बांधावरचे पळसाचे लहान झाड घेतले आहे. ते अजून कमरेएवढे आहे आणि फुलाचा रकाना रिकामा आहे.